मोठ्या विमानांत बसावें कोठें?



आमच्या आरे कॉलनीच्या चढावर उभें राहून दक्षिणेकडे पाहिलें, म्हणजे झाडांच्या शेंड्यांपलीकडे सहारच्या धांवपट्टीकडे जाणारीं विमानें एकामागून एक खालीं येतांना दिसतात. एके काळीं हा देखावा पोरांनीं टाळ्या वाजवून पाहावा, एवढ्याच कामाचा होता. आज गोरेगांव, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील किती तरी घरांतला एक मुलगा किंवा एक मुलगी परदेशीं असते, आणि नातवंडाच्या बारशाला अगर लेकीच्या बाळंतपणाला म्हाताऱ्या आई-वडिलांना त्याच विमानांत बसून जावें लागतें. तिकीट मुलगा काढतो. मग एके दिवशीं त्याचा फोन येतो, "आई, सीट कोणती घेऊं?" आणि आई म्हणते, "कोणतीहि घे रे, नुसतें बसायचेंच तर आहे!"

या उत्तरांत माया आहे, संकोच आहे, पण विचार नाहीं. मुंबईहून लंडन नऊ-दहा तासांच्या वाटेवर आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला थेट जाणारें विमान पंधरा-सोळा तास हवेंत असतें. इतका वेळ नुसतें बसून काढतां येत नाहीं. पाय मोकळे करायला, शौचालयाला जायला उठावेंच लागतें. आणि किती सहज उठतां येईल, हें आपण कोठें बसलों आहों त्यावर अवलंबून असतें. म्हणून आसनाची निवड बसण्यापेक्षां उठण्याकडे पाहून करावी, असें मला आज सांगावयाचें आहे. आधीं पाय, मग कान, आणि सर्वांत शेवटीं डोळे, असा विचाराचा क्रम ठेवला म्हणजे बहुतेकांची निवड बरोबर येते.

पूर्वीं हा प्रश्न एवढा अवघड नव्हता. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाच्या 'मलबार प्रिन्सेस' या विमानानें मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गानें लंडनला पहिलें उड्डाण केलें, तेव्हां त्यांत ३५ उतारू होते. मधून एक वाट आणि दोहों बाजूंस खुर्च्या. निवडायला फारसें कांहीं नव्हतेंच. पुढें जानेवारी १९७० पासून बोइंग ७४७ हें अवाढव्य विमान प्रवासी वाहूं लागलें, आणि एप्रिल १९७१ मध्यें एअर इंडियाचें त्या जातीचें पहिलें विमान, 'एम्परर अशोक', मुंबईस येऊन दाखल झालें. या विमानानें उतारूंसाठीं एकाऐवजीं दोन वाटा केल्या, आणि तेव्हांपासून 'कोठें बसावें' हा एक विचार करण्याजोगा विषय झाला.

प्रथम या विमानाची आंतली मांडणी ध्यानांत घेऊं. नागपूर-दिल्लीच्या फेऱ्या करणाऱ्या एअरबस ए-३२० सारख्या अरुंद विमानांत एका वाटेच्या दोहों अंगांस तीन-तीन आसनें असतात. रुंद विमानांत वाटा दोन आणि आसनांचे गट तीन: दोन्ही खिडक्यांकडचे दोन, व मधला एक. साध्या वर्गांत बोइंग ७८७ व एअरबस ए-३५० यांत बहुधा तीन-तीन-तीन अशी रांग असते. बोइंग ७७७ मध्यें आज बहुतेक कंपन्या तीन-चार-तीन बसवितात. एअरबस ए-३३० मध्यें दोन-चार-दोन. दहा आसनांच्या रांगेंत अक्षरें डावीकडून अशीं येतात: ए, बी, सी; मग वाट; डी, ई, एफ, जी; पुन्हां वाट; आणि एच, जे, के. 'आय' हें अक्षर गाळतात, कारण तें १ या आंकड्यासारखें दिसतें. म्हणजे ए आणि के या खिडक्या. सी, डी, जी आणि एच हीं वाटेलगतचीं आसनें. एवढी बाराखडी पाठ झाली कीं आसनांचा नकाशा वाचतां आलाच म्हणून समजा.

मी शाळामास्तर, हिशेब मांडल्यावांचून माझें समाधान होत नाहीं. बोइंग ७७७ ची आंतली रुंदी सुमारें ५.८७ मीटर, म्हणजे २३१ इंच. दहा आसनें प्रत्येकीं १७ इंचांचीं धरलीं तर १७० इंच झाले. हात टेकण्याच्या पट्ट्या तीन गटांत मिळून १३ होतात. त्या दोन-दोन इंचांच्या धरल्या तर २६. उरलेल्या ३५ इंचांत दोन वाटा, प्रत्येकीं साडेसतरा इंचांची. आतां याच रुंदींत नऊ आसनें बसविलीं, तर पट्ट्या बाराच लागतात, आणि आसन साडेअठरा इंचांचें करूनहि वाटा वीस-वीस इंचांच्या राहतात. हा हिशेब ढोबळ आहे. पण त्यावरून हें दिसेल कीं विमान मोठें म्हणून आसन मोठें असतें असें नाहीं. दहावें माणूस बसविलें कीं तें उरलेल्या नऊजणांचे खांदे आंवळून बसतें. म्हणून विमानाचें नांव व रांगेंतील आसनांची संख्या हीं तिकीट काढण्यापूर्वींच पाहून ठेवावीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. खिडकीशीं बसलेल्या माणसाला उठावयाचें असल्यास दोन माणसांना उठवावें लागतें. रात्रीचे दोन वाजलेले, दिवे मंद केलेले, शेजारचे दोघे परके उतारू गाढ झोंपलेले. अशा वेळीं आमच्या घरांतल्या आया काय करतात? त्या उठतच नाहींत. आणि उठावें लागूं नये म्हणून पाणीहि पीत नाहींत. पुढच्या मुक्कामावर मुलगा आईला घ्यायला येतो, तेव्हां तिचे पाय चपलेंत मावत नाहींत, डोकें दुखत असतें. मुलानें मोठ्या हौसेनें, जास्त पैसे भरून, तिला खिडकी घेऊन दिलेली असते!

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे. फार वेळ गुडघे वांकवून एकाच जागीं बसल्यानें पोटरीच्या खोल शिरांतील रक्ताचा प्रवाह मंदावतो, आणि कधीं कधीं तेथें रक्ताची गुठळी होते. ती गुठळी सुटून फुप्फुसांत गेली तर प्राणावर बेतूं शकतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं आपल्या संशोधनाचा अहवाल प्रसिद्ध केला. चार तासांहून अधिक प्रवासानंतर हा धोका सुमारें दुप्पट होतो. मात्र निरोगी माणसांत तो मुळांतच थोडा, म्हणजे अशा सुमारें ६,००० प्रवासांत एकदां, असतो, असें त्यांत आढळलें. मोटार, बस व आगगाडी यांच्या लांब प्रवासालाहि तें लागू आहे. दोष हवेंत उडण्यापेक्षां एका जागीं खिळून बसण्याचा अधिक. पुढें २०१२ सालीं अमेरिकेंतील छातीच्या विकारांच्या तज्ज्ञांच्या संस्थेनें ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत उतारवय, लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, कर्करोग, पूर्वीं झालेली गुठळी या कारणांच्या यादींत खिडकीलगतचें आसन हेंहि कारण दिलें आहे, कारण तेथें बसलेला माणूस हालचाल कमी करतो. ज्यांना असा धोका आहे त्यांनीं शक्य तर वाटेलगत बसावें, मधून मधून चालावें, पोटऱ्यांचा व्यायाम करावा, असा त्यांचा सल्ला आहे. अशा माणसांनीं निघण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांना विचारावें, हें निराळें सांगावयास नको.

वाटेलगतचीं आसनें मात्र सगळीं सारखीं नसतात. तीन-चार-तीन या रांगेंत सी वर बसलेल्या माणसाला बी आणि ए असे दोघे उठवितात. डी वर बसलेल्याला बहुधा ई एकटाच उठवितो, कारण एफ ला जी कडून जाणें जवळ पडतें. तीन-तीन-तीन या रांगेंत तर मधल्या गटाच्या मधोमध बसलेल्या माणसाला डावी किंवा उजवी अशा दोन्ही वाटा मोकळ्या असतात. सारांश, ज्याला स्वतः मनाला येईल तेव्हां उठावयाचें आहे, पण दुसऱ्यासाठीं वारंवार उठणें नको आहे, त्यानें मधल्या गटाच्या कडेचें आसन घ्यावें. नकाशांत हीं आसनें पुष्कळदां शेवटपर्यंत रिकामीं दिसतात, कारण मधला गट म्हणजे अडचणीची जागा असा लोकांचा समज असतो.

गुडघेदुखी असणाऱ्यांसाठीं आणखी एक बारकावा सांगतों. सी आणि जी यांच्या उजव्या हाताला वाट असते. डी आणि एच यांच्या डाव्या हाताला. उजवा गुडघा आखडत असेल तर सी किंवा जी घ्यावें, डावा आखडत असेल तर डी किंवा एच. म्हणजे दुखरा पाय अधूनमधून वाटेंत लांब करतां येतो. मात्र जेवणाची ढकलगाडी येत नाहीं ना, एवढें पाहून! पति-पत्नी दोघेहि वृद्ध असतील तर सी आणि डी अशीं आसनें घ्यावीं. मधून वाट जाते खरी, पण हात लांब केला तर औषधाची डबी एकमेकांस देतां येते, आणि दोघांनाहि उठायला मोकळीक राहते. दोघांपैकीं ज्याच्यानें वारंवार उठवत नसेल, त्याला डी द्यावें.

पायांनंतर कान आणि पोट. एस. टी. च्या मागच्या बाकावर ज्यांनीं कोंकणांतला घाट उतरला आहे, त्यांना शेवटच्या रांगेचें माहात्म्य मीं सांगावयास नको. तोच नियम विमानाला लागू आहे. विमानाचा तोल पंखांच्या आसपास सांवरलेला असतो. हवेंत हेलकावे बसले कीं टोंकें अधिक वरखालीं होतात आणि मधला भाग कमी. ज्यांना गाडी लागते त्यांनीं पंखांजवळच्या रांगा घ्याव्या. इंजिनें पंखांखालीं असल्यानें त्यांचा घोष मागच्या बाजूस अधिक पोंचतो. ज्यांना शांतता हवी त्यांनीं पंखांच्या पुढचा भाग पाहावा. अगदीं मागें शौचालयें व खाद्यपदार्थ गरम करण्याची जागा असते. तेथें रात्रभर माणसें उभीं असतात, दारें आपटतात, आणि शेवटच्या रांगेच्या पाठी पुष्कळदां पुरत्या कलतहि नाहींत. पण मागच्या भागाचा एक गुण आहे. विमानाचें अंग शेपटीकडे निमुळतें होत जातें, म्हणून बोइंग ७७७ मध्यें शेवटच्या कांहीं रांगांत खिडकीकडे तीनऐवजीं दोनच आसनें बसवितात. तरुण जोडप्याला ती जागा फार सोयीची. तिसरा परका माणूस शेजारीं नाहीं.

हवेचा दाबहि येथेंच सांगून टाकतों. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडत असतांना आंतली हवा दाबून ठेवलेली असते, पण ती समुद्रकांठच्या हवेइतकी दाट नसते. बोइंग ७८७ व ए-३५० या नव्या विमानांत ती फार तर सुमारें ६,००० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून थोडी अधिक. इतर विमानांत ती ८,००० फुटांपर्यंतच्या हवेइतकी, म्हणजे उटकमंडाच्याहि वरची असूं शकते. हृदयाची अगर दम्याची व्यथा असलेल्याच्या बाबतींत आसनाच्या आधीं विमानाची जात पाहावी, ती यासाठीं.

आतां कांहीं फसवीं आसनें. ज्या रांगेपुढें भिंत असते, तेथें समोरचा माणूस पाठ कलवून अंगावर येत नाहीं, हें खरें; पण तेथें जेवणाची फळी हाताच्या पट्टींत दडविलेली असल्यानें पट्टी वर होत नाहीं व बैठक थोडी अरुंद होते; विमान उडतांना व उतरतांना पिशवी पायांशीं ठेवतां येत नाहीं. त्याच भिंतीला तान्ह्या मुलाचा पाळणा अडकवितात. तान्हें घेऊन जाणाऱ्या आईनें ती रांग आधींच मागून ठेवावी. ज्यांना झोंप प्रिय आहे त्यांनीं तिच्यापासून दूर राहावें. संकटकालीन दाराशेजारच्या रांगेंत पाय ऐसपैस पसरतात, म्हणून तिला भाव अधिक. पण प्रसंग आला तर दार उघडण्याचें व इतरांस मदत करण्याचें काम तेथें बसलेल्यावर येतें. म्हणून लहान मुलें, गर्भवती स्त्रिया व व्हीलचेअर मागितलेले उतारू यांना ती जागा देत नाहींत. वडिलांसाठीं व्हीलचेअर मागावयाची आणि आसन दाराजवळचें घ्यावयाचें, हीं दोन्हीं एकत्र जमत नाहींत. आयत्या वेळीं आसन बदलतें आणि पैशांसाठीं मागणी करीत बसावें लागतें.

राहिले डोळे. खिडकीची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. निरोगी तरुणानें रात्रीच्या प्रवासांत खिडकी अवश्य घ्यावी. भिंतीला डोकें टेकतां येतें आणि कोणी उठवीत नाहीं. लहान मुलाला तर खिडकीच द्यावी. २०२४ सालीं भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें कंपन्यांस असें बजावलें आहे कीं, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, एकाच नोंदीवर तिकीट असलेल्या आई-वडिलांपैकीं अगर पालकांपैकीं निदान एकाशेजारीं आसन द्यावें. मात्र पंखावरची खिडकी घेतली तर खालची पृथ्वी न दिसतां पंखच दिसतो, आणि कांहीं रांगांना खिडकी नीट समोर येतच नाहीं. दिवसा युरोपकडे जातांना ऊन बहुधा डाव्या बाजूस येतें, म्हणून उजवी बाजू डोळ्यांना थंड. परत येतांना विमान घाटकोपरच्या बाजूनें पश्चिमेकडे तोंड करून उतरत असलें, तर उजव्या खिडकींतून पवई आणि विहार हीं तळीं व त्यांपलीकडे आरेची व राष्ट्रीय उद्यानाची हिरवी झाडी दिसते. शहर वाढत वाढत कोठपर्यंत आलें आहे आणि हिरवें किती उरलें आहे, हें त्या दोन मिनिटांत जितकें स्पष्ट कळतें तितकें जमिनीवरून कळत नाहीं.

शेवटीं एक नाजूक विषय. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेंत एअर इंडियाचें बोइंग ७८७ कोसळलें. विमानांतील २४२ जणांपैकीं एकटा उतारू वांचला. तो संकटकालीन दाराशेजारीं, ११-ए या आसनावर होता. त्यानंतर पुष्कळांना वाटूं लागलें कीं ११-ए हेंच सुरक्षित आसन. असें वाटणें माणसाला साहजिक आहे, पण त्यांत तर्क नाहीं. दुसऱ्या विमानांत त्याच क्रमांकाची जागा निराळीच असते. १२ ऑगस्ट १९८५ रोजीं जपानांत बोइंग ७४७ डोंगरावर आदळलें, तेव्हां ५२४ पैकीं जे चौघे वांचले ते सर्व मागच्या रांगांतले होते. अपघात कसा होईल हें ठाऊक नसतांना कोणता क्रमांक तारील, हें सांगतां येत नाहीं. याउलट २ जानेवारी २०२४ रोजीं टोकियोच्या हानेदा विमानतळावर ए-३५० धांवपट्टीवर दुसऱ्या विमानाशीं टक्करून पेटलें, आणि तरीहि आंतील ३७९ माणसें सर्वच्या सर्व जिवंत बाहेर पडलीं. आठांपैकीं तीनच दारें उपयोगांत आणतां आलीं होतीं. त्यांना वांचविलें तें आसनांनीं नव्हे, शिस्तीनें. सामान घेण्यासाठीं वाट अडवून न ठेवल्यानें. म्हणून कोठेंहि बसा, पट्टा बांधून ठेवा, आणि पुढचें व मागचें अशीं दोन्ही दारें आपल्यापासून किती रांगा दूर आहेत तें बसल्याबरोबर मोजा. धुरांत डोळे चालत नाहींत. मोजलेली संख्या चालते.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून पुरें करतों. आसन आधीं राखण्यासाठीं कंपन्या पुष्कळदां निराळे पैसे घेतात. उतारवयाच्या माणसासाठीं वाटेलगतच्या आसनाचे पैसे देणें मला उधळपट्टी वाटत नाहीं. तें जमणार नसेल, तर सुटण्यापूर्वीं २४ ते ४८ तास जी नोंदणी उघडते, ती उघडतांच पाहावी. विमान बदललें असें कळल्यास नकाशा पुन्हां तपासावा. कारण सी आणि डी यांच्यामधली वाट नव्या विमानांत दुसरीकडेच गेलेली असूं शकते.

आणि तिकीट काढणाऱ्या मुलांना व मुलींना एक विनंती. "आई, सीट कोणती घेऊं?" असें विचारलेंत तर ती "कोणतीहि" असेंच म्हणणार. त्याऐवजीं विचारा, "आई, रात्रीं किती वेळां उठतेस? कोणता गुडघा जास्त दुखतो?" तिच्या उत्तरांतून आसनाचें अक्षर आपोआप ठरेल.